धोंडुबाईची बावीस पानं

बुद्धभूषण कुरणेचं दुकान राजारामपुरीत माझ्या दुकानाला लागून होतं. माझं बायंडिंगचं, त्याचं टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं. मधे पत्र्याची एकच भिंत, त्यामुळं त्याच्याकडं कोण काय बोललं ते मला ऐकू यायचंच.

तो मूळचा छापखान्यातला, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा. सत्त्याण्णव साली मालकानं कॉम्प्युटर आणला, तेव्हा चाळिशी गाठलेल्या या माणसानं तो शिकून घेतला. पुढं छापखानाच बंद पडला. मग त्यातलाच एक कॉम्प्युटर घेऊन तो इथं बसला.

त्याला एक नाद होता. रविवार आला की टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तो कागलच्या बाजूच्या खेड्यांत जायचा. छप्पन साली ज्यांनी धम्म घेतला त्या पिढीतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलतं करायचा आणि आठवडाभर ते टाइप करत बसायचा. छापखान्यात सवय झालेल्या जुन्या फॉन्टातच टाइप करायचा. एक टेप उतरवून झाली की तीच पुढच्या बाईसाठी वापरायचा. "कॉम्प्युटरात हाय की आता," म्हणायचा.

त्यात धोंडुबाई होती. ऐंशीच्या घरातली. तिच्या थोरल्या बहिणीवर गावात कुणी मेलं की आसपासच्या गावांना सांगावा पोचवायचं काम होतं. उन्हातान्हात दहा-दहा मैल चालायचं आणि बदल्यात भाकरी मागून आणायची. छप्पनच्या हिवाळ्यात पाटलाचा माणूस दारात आला, तेव्हा ती बाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तुमचं मढं, तुम्हीच सांगा." मग वर्षाचं धान्य बंद झालं आणि घरादारानं खाणीवर खडी फोडली. पाटलाचा माणूस आला तेव्हा धोंडुबाई तिथंच होती. तिनं सांगितलेलं सगळं टाइप केल्यावर बावीस पानं भरली. दोन हजार पाच साली ती वारली.

वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात अतुल नावाचा पोरगेला इंजिनिअर शिकवायला होता. त्यानं बुद्धभूषणला या आठवणींची वेबसाइट करून दिली. पुढं व्हायरस लागून कॉम्प्युटर बसला, तेव्हा, आठवणी वेबसाइटवर आहेतच म्हणून, त्यानं सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. फुकट, आपलं, कुणाची मालकी नाही, असं तो फार मनापासून सांगायचा. पण लिनक्सवर जुना फॉन्ट दिसेना, आणि त्याची फ्लॉपी छापखान्याबरोबरच गेलेली. मग अतुलनं ब्राउझरला एक प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, जोडलं. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं केलेलं. ते त्या जुन्या अक्षरांचं वाचता येईल असं मराठी करून दाखवायचं.

बुद्धभूषणनं तेव्हाच विचारलं होतं, मी भिंतीपलीकडून ऐकलंय. "अतुल, मी हे सगळं नव्या युनिकोडात, कुठल्याबी कॉम्प्युटरवर दिसंल असं, परत टाइप करू का? वेळ लागंल, पण करतो."

"कशाला काका? प्लगइन आहे की. आणि अपडेट आलं की हो म्हणायचं बरं का, त्यातच सुरक्षा आहे."

तो हो म्हणत राहिला. अतुल पुण्याला नोकरीला गेला.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये कागलहून शेवंताबाई आल्या. धोंडुबाईची भाची, म्हणजे सांगावा नाकारणाऱ्या त्या बाईची मुलगी. सोबत सून होती, डी.एड. झालेली. सुनेचं म्हणणं, सासूबाई आपल्या आईचं वाढवून सांगतात, त्या काळात पाटलाला असं कोण बोललं असतं? शेवंताबाईंनी तिला एस्टीत घालून आणलं होतं. मावशीनं डोळ्यांनी बघितलेलं, तिच्याच शब्दांत दाखवायला.

"भूषण, लाव बाबा. हिला वाचू दे."

त्यानं खुर्च्या पुसून दोघींना बसवलं, चहा सांगितला आणि पान उघडलं. पडद्यावर टोपीवाले ए, उलटी प्रश्नचिन्हं, डॉलर, आडव्या रेघा. शेंडा ना बुडखा. वर एका पिवळ्या पट्टीत इंग्रजीत लिहिलं होतं, की हे प्लगइन नव्या आवृत्तीशी जुळत नाही म्हणून बंद केलं आहे. सकाळीच त्यानं अपडेटला हो म्हटलं होतं.

त्यानं बंद करून परत लावलं. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. मी उठून दारात गेलो, तर तो चौथं उघडत होता.

"मावशीचं बोलणं कुठं गेलं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"हाय, आतच हाय. दिसंना झालंय."

"आणि टेप?"

सून पर्स उचलून उभी राहिली, बस.

त्या गेल्यावर बुद्धभूषणनं माझ्या दुकानातनं पुण्याला फोन लावला. अतुल अवघडून म्हणाला, "काका, ते प्लगइन करणाऱ्यानं दोन वर्षांपूर्वीच काम सोडलंय. कधी ना कधी हे होणारच होतं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"तुला म्हाईत होतं?"

"हो, म्हणजे... रविवारी येतो, जुना ब्राउझर टाकून बघू."

तो रविवार आला नाही. दुसऱ्या कुणाकडून जुना ब्राउझर घालून बघितला, तर तो नव्या सिस्टिमवर चालेना. बुद्धभूषण मला म्हणाला, "मुनव्वर, त्या परदेशातल्या माणसाचा राग न्हाय. त्यानं मला कुठं शब्द दिलता? पण ह्यानं दिलता. आणि मी म्हातारीला दिलता, तुझं बोलणं जपीन म्हणून."

धोंडुबाईचं एक पान त्यानं मागं कुठल्याशा कार्यक्रमासाठी छापून काढलं होतं, ते सापडलं. ते शेजारी ठेवून तो पडद्यावरचं एकेक चिन्ह लावायला लागला. अमुक चिन्ह म्हणजे क, तमुक म्हणजे वेलांटी. कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर तक्ते केले. गिऱ्हाईक संपलं की रोज तासभर. काही जोडाक्षरं शेवटपर्यंत लागली नाहीत, तिथं त्यानं मनानं शब्द घातला नाही, कोरी जागा सोडली. एकूण त्रेसष्ट बायका होत्या. अडीच वर्षं लागली.

मधे एकदा अतुल आला, पेढे घेऊन. नवी वेबसाइट करू म्हणाला. बुद्धभूषणनं चहा पाजला आणि म्हणाला, "नको. तू बस, पण ते नको." अतुल थोडा वेळ बसला आणि गेला. मला वाईट वाटलं, पोरगं वाईट नव्हतं. पण मी मधे पडलो नाही.

सगळं कागदावर छापून झाल्यावर मी तीन प्रती बांधल्या, कापडी पाठीच्या. त्यातली एक घेऊन आम्ही दोघं कागलला गेलो. शेवंताबाई आता थकल्या होत्या. सून शाळेत गेली होती, नातीनं, श्रुतीनं, बावीसच्या बावीस पानं मोठ्यानं वाचली. कोरी जागा आली की थांबायची, आणि शेवंताबाई "पुढं" म्हणायच्या. उंबऱ्यातलं वाक्य पुरं लागलं होतं.

वाचून झालं. शेवंताबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, पाठीवरनं हात फिरवला.

"बराबर हाय. मावशी असंच बोलायची," त्या म्हणाल्या. मग बुद्धभूषणकडं बघून म्हणाल्या, "पण त्या दिवशी सुनंच्या पुढं मी खोटी पडलो की रे. अडीच वरसं ह्या घरात तशीच राहिलो. ते कसं भरून देणार?"

श्रुती आत जाऊन पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. शेवंताबाई म्हणाल्या, "खावा. उपाशी जाऊ नगासा." आम्ही खाल्लं.