बेहड्याच्या ढोलीतली ककणेर

आमच्या गावात बायका ककणेराच्या नराला ‘चाकरमानी’ म्हणायच्या. ककणेर म्हणजे धनेश. काळापांढरा, घारीहून मोठा, पिवळ्या चोचीवर आणखी एक चोच उपडी ठेवल्यासारखं शिंग. फाल्गुनात मादी झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठेने आणि मातीने आतून दार लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. मग तो फळं आणतो, फटीतून भरवतो, की चालला. घरात पाऊल नाही. गावातले निम्मे पुरुष मुंबईला. तेव्हा हे नाव कसं पडलं ते सांगायला कुणा पंडिताची गरज नाही.

आमच्या मागच्या दारातून देवरहाटीच्या कडेचा बेहडा दिसायचा. त्याच्या ढोलीत ककणेराची जोडी दरवर्षी यायची. देवरहाटी म्हणजे ग्रामदेवतेची राखीव राई. तिथली काटकी मोडायची नाही, झाडावर चढायचं नाही. आजूबाजूचे कातळाचे सडे आणि उतार काजूच्या कलमांनी भरले तरी हा पक्षी आमच्याकडे टिकला तो या धाकामुळेच, हेही खरं.

काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात नर यायचा थांबला. कुणी म्हणे छऱ्याच्या बंदुकीने पाडला, कुणी म्हणे विजेच्या तारेला लागला. गावाला काय, तोंडं शंभर. आई मागच्या दारात बसून राहायची. फटीतून चोच बाहेर यायची, थोडा वेळ उघडी राहायची, परत आत जायची. शेवटी आईने गुरवाला गाठलं. कुणाला तरी चढवा आणि ते दार फोडा, म्हणाली. गुरव म्हणाला, देवाला विचारल्याशिवाय कसं चढवू?

कौल लावला. पाषाणाला दोन्ही बाजूंनी कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी. पडली डावी. आईने हात जोडले आणि घरी आली. कोणी चढलं नाही. मग चोच दिसायचीही थांबली.

मला तेव्हा देवाचा राग आला होता. अजून आहे.

वनखात्यातला एक ओळखीचा माणूस म्हणाला, नर आला नाही तर कधीकधी मादी स्वतःच दार फोडून बाहेर पडते. झालं, आईला तेवढा धागा पुरला. पण पावसाने ढोलीच्या तोंडाचा लेप धुऊन नेला होता आणि ती निघाली की आतच राहिली हे सांगणारी काही खूण उरली नव्हती. पुढच्या फाल्गुनात जोडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई फोनवर जेवलीस का विचारायच्या आधी विचारायची, “बाय, ती भायेर आली आसंल का गो?”

म्हणून मी शोधायला लागले. मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. रविवार मोकळा. पूर्णगडाच्या खाडीपासून वर घाटाच्या पायथ्यापर्यंत जिथे जुनी राई आहे असं कळलं तिथे दुर्बीण घेऊन गेले. घरचे म्हणायचे, हिला रविवारी माणसं दिसत नाहीत. खरं तर ककणेर शोधताना वर बघून उपयोग नसतो, खाली बघायचं. मादी आतून बिया टाकते, त्यामुळे ढोलीखाली काजऱ्याची, उंबराची रोपं दाटीने उगवतात. यंदाचं दोन पानांचं रोप दिसलं तर पक्षी आहे. मला सगळीकडे गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं दिसली. दोन पानांचं एकही नाही. म्हातारी माणसं म्हणायची, पूर्वी लय होते. हे ‘पूर्वी’ ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

आईला त्या मादीचं एवढं का लागलं आहे, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. माझे वडील मुंबईला नोकरीला. मी लहान असताना एका शिमग्याला आले, गेले आणि परत आले नाहीत. तिकडे दुसरा संसार मांडल्याचं खूप उशिरा कळलं. आई थोडे दिवस वाट बघून चिरेखाणीवर गेली. चिरे वाहून वाहून तिने आम्हा दोघी बहिणींना मोठं केलं. गाव काय काय बोललं, ते तिने ऐकलंच नाही असं दाखवलं.

यंदा श्रावणात वादळी वाऱ्याने बेहडा उन्मळून पडला. देवाचं झाड कोणी उचलत नाही, ते तिथेच कुजतं. आईचा फोन आला, ये, ढोलीत बघू म्हणून. मी म्हटलं, “आये, नको बघू.” तिने फोन ठेवून दिला. मी पोहोचले तेव्हा ती झाडाशी उभी होती, माझ्यासाठी थांबलेली.

ढोलीचं तोंड आता आमच्या कमरेएवढ्या उंचीवर आलं होतं. आईने खांद्यापर्यंत हात आत घातला. कुजलेला भुसा, बिया, काळ्या पिसांचे दांडे बाहेर आले. मग चोच आली. शिंगासकट अख्खी, पिवळा रंग उडालेली.

आई तिथेच खोडावर बसली. चोचीतली माती बोटाने काढत राहिली. तिला धीर द्यायला मी म्हटलं, “आये, देवानेच नको म्हटलं, तू काय करणार होतीस?”

तिने वर पाहिलं. डोळे कोरडे होते, त्याचीच मला भीती वाटली.

“तुझा बापूस आला नाय तवा मी देवाला इचारलं नव्हतं गो,” ती म्हणाली. “उठले नि सरळ खाणीवर गेले. मग हिच्या येळेला कशाला इचारत बसले?”