चहा तासाच्या बाहेर

कुंदा नाबरला पैसे मागता येत नसत. बाकी सगळं येई. घराचा नकाशा ती असा काढी की गवंड्याने नुसता बघावा आणि बांधायला घ्यावं. पण काम संपलं आणि समोरच्याने "किती झाले?" विचारलं की ही शिकलेली आर्किटेक्ट खाली बघून म्हणे, "द्या काय ते." आणि लोक देतही, काय ते. कोणी कोकम देई, कोणी आंबे. ती राहायची त्या मुलुंडमधल्याच एका बाईंनी तर बाल्कनी आत घेण्याच्या नकाशाबद्दल तिची खणानारळाने ओटी भरली. कुंदाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि त्या नारळाच्या वड्या केल्या.

हे चौऱ्याऐंशी सालचं. फोर्टमधली आठ वर्षांची नोकरी सोडून तिने घरीच ड्रॉइंग बोर्ड मांडला होता. त्या आठ वर्षांत तिने जिने आणि संडास काढले. घरं सरांची, सही सरांची. सोडताना सर म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. जमलं तर जमलं." माणूस वाईट नव्हता, म्हणून तर त्या बोलण्याची जास्त धास्ती. दिवाळी जवळ येत चालली होती आणि घरात कोकम वर्षभर पुरेल इतकं साठलं होतं.

खरा घोटाळा चहाचा होता. लोक घरी येत, घरी आलेल्याला चहा हवाच, आणि एकदा का चहा झाला की कुंदा 'मॅडम'ची 'वहिनी' होई. वहिनीला फी कोण देतं?

अशात श्रावणात परब मंडळी आली. सहदेव आणि चंद्रप्रकाश हे दोघे भाऊ विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला, राहायला कंपनीच्या वसाहतीत. कुडाळकडच्या गावी त्यांना दोघांत मिळून एक घर बांधायचं होतं. दर रविवारी दोघं आपापल्या बायकांना घेऊन येत, आणि भांडणं करायला विक्रोळीत जागा नसल्यासारखे कुंदाच्या बोर्डापुढे भांडत. थोरली प्रेमा म्हणे स्वयंपाकघर मागे हवं. धाकटी नलिनी म्हणे पुढे. दसऱ्यापर्यंत ते बिचारं स्वयंपाकघर घराच्या चारही बाजूंना फिरून आलं. गावाहून आलेली त्यांची आई, जानकी, दाराजवळच्या खुर्चीत बसून बशीतून चहा पीत असे. तिला कोणी काही विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर कुंदानेही विचारलं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी चंद्रप्रकाश म्हणाला, "वहिनी, परत एकदा मागे करून बघू या ना. तुमचं काय, कागदावर तर काढायचंय."

कुंदाच्या हातातलं पेन थांबलं. मागे एकदा तिने फोर्टच्या पगाराला तासांनी भागलं होतं. अर्धे दिवस कामाविना जातात म्हणून आलेला आकडा दुप्पट केला होता, कागद आणि शाई धरून वर थोडे चढवले होते, आणि स्वतःच्याच हावरटपणाला लाजून तो कागद फाडून टाकला होता. आता नेमका तोच आकडा तोंडातून निघाला.

"काढते. पण पुढच्या रविवारपासून तासाला पंचवीस रुपये पडतील."

नलिनीने चपला शोधायला सुरुवात केली. चहा तसाच राहिला.

तो आठवडा कुंदाचा फार वाईट गेला. आलेल्या माणसांना घालवलं, तेही त्यांच्या आईदेखत. संध्याकाळी नवरा बँकेतून आला की त्याच्यामागे तेच.

"अगं, टॅक्सीला मीटर नसतो का?" श्यामकांत म्हणाला.

"टॅक्सीवाला चहा नाही विचारत."

कुंदाने सरांना फोन करायचं मनाशी ठरवून टाकलं, फक्त रविवार जाऊ दे म्हणाली.

आणि रविवारी दारात परब मंडळी हजर. सहदेवने मनगटावरचं घड्याळ काढून बोर्डाच्या कडेला ठेवलं. "वहिनी, चालू करा. काय असतं ना, आम्ही आठवडाभर घरीच भांडून घेतलंय. स्वयंपाकघर मागे. माजघर मोठं. प्रेमाला कोठी, नलूला वेगळी मोरी. फायनल."

दोन महिने जे झालं नाही ते अर्ध्या तासात कागदावर आलं. भाऊ एकमेकांना 'आटप रे' करत होते. सहदेवने सबंध तासाचे पंचवीस मोजून ठेवले आणि वर म्हणाला, "हे आधीच सांगायला पाहिजे होतं तुम्ही. आमची आपली वाट लागायची, दर रविवारी." कुंदाला एकदम हलकं वाटलं. कोणी रागावलेलं नव्हतं. सवयीने ती उठली, "चहा टाकते."

"बाय," दाराजवळून जानकी म्हणाली, "चाय पन तासात धरतलंस काय गो?"

"नाही आजी. चहा तासाच्या बाहेर."

"मगे बस. चाय मागसून." म्हातारीने कमरेची चंची सोडली आणि घडी घातलेल्या नोटा बोर्डावर ठेवल्या. "माका माझो एक तास होयो. ह्या सगळ्यांका भायर जावंदे."

"आई, काय हे," सहदेव म्हणाला.

"तुमी चार दिस गणपतीक येतलास आनि मे म्हयन्यात. घरात ऱ्हवतलंय मी. माका कोनी इचारूक नाय."

चौघं मुकाट्याने जिन्यात जाऊन उभी राहिली. कुंदाचा हात नोटा परत करायला पुढे झाला. आजींकडून कसे घ्यायचे? मग तिने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं. परत केले असते तर ती पुन्हा दाराजवळच्या खुर्चीतली आई झाली असती. कुंदाने नोटा उचलल्या, मोजल्या, ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि कोरा कागद घेतला.

"बोला आजी."

जानकीला फार काही नको होतं. चुलीपुढे बसल्यावर येस्टी थांबते ती वाट दिसेल अशी एक खिडकी. "पोरां येतत ती दिसाक व्हयी. जातत तेव्हा मी बघनंय नाय." चूल आता मागे गेली होती, वाट तर पुढे. कुंदाने माजघराची भिंत सरकवली, कोठी पलीकडे नेली, आणि चुलीपासून वाटेपर्यंत नजर सरळ जाईल असं केलं. आठ वर्षं जिने काढणारीला आज एक खिडकी काढताना काय आनंद झाला म्हणून सांगावं. कागद फिरवून तिने म्हातारीला रेघ दाखवली. जानकी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"झालं आजी. बोलावू त्यांना?"

जानकीने घड्याळाकडे पाहिलं. "तास खंय सोपलो? ऱ्हवांदे त्येंका भायर." आणि खुर्चीत मागे टेकून, पाय वर घेऊन ती पंख्याखाली निवांत बसली. कुंदाही बसली.

तास भरला तेव्हा कुंदाने आधण ठेवलं आणि जिन्यातल्या चौघांना आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी तिने सरांना फोन केला आणि खुर्ची कोणालाही द्या म्हणून सांगितलं.

"जमलं म्हणजे," सर म्हणाले. "काय घेतेस?"

"तासाला पंचवीस," कुंदा म्हणाली, आणि तिला खाली बघावं लागलं नाही.