फेणीचं नाव आणि माझी सही

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं सणकतं. गिरण्यांचा संप मोडून काही वर्षं झाली होती आणि मी लालबागजवळच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो.

एका सकाळी गोव्यातल्या पेडण्याचा एक म्हातारा दोन बाटल्या घेऊन आला. काजूच्या बोंडांची फेणी गाळणं हा त्याचा पिढीजात, परवान्याचा धंदा. एक बाटली त्याची स्वतःची होती. दुसरी त्याच्या विलायतेतल्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाने पाठवली होती, सोबत चिठ्ठी: फेणी म्हणजे हे असेल, तर तुमचीही नको. त्या बाटलीवर छापलं होतं 'अस्सल गोव्याची फेणी', आणि खाली पत्ता नुसता 'लालबाग, मुंबई'.

"सायबा, ह्या नावावर माझी भट्टी पेटते. नावच नासलं तर मी काय विकू?"

आणि मी काय केलं? हसलो! "बाबा, दारूच्या नावाची कसली तक्रार घेऊन आलात?" म्हणालो आणि स्टेशन डायरीत दोन ओळी लिहून त्याला वाटेला लावलं. त्याच महिन्यात एका परदेशी कंपनीचा वकील नकली स्कॉचची तक्रार घेऊन आला होता. वरून फोन आला, तेव्हा आम्ही दोन जीपा भरून धावलो होतो.

पुढच्या आठवड्यात मसाला कांडपवाला तणतणत आला. "साहेब, शेजारच्या गोदामातून स्पिरिटचा वास येतो. बायका माझा मसाला परत आणून टाकतायत!"

छापा घातला. आत स्पिरिटचे पिंप, इसेन्सचे डबे आणि निर्यातीला बांधलेली खोकी. लेबलं तीच, म्हाताऱ्याने आणलेल्या नकली बाटलीवरची. मागाहून म्हाताऱ्याला बोलावून तुलनेसाठी त्याची खरी बाटलीही पंचनाम्यात घेतली.

लबाड माणूस विचारण्याआधीच कागद पुढे करतो, हा माझा अनुभव. गोदामाचा मालक असलेल्या निर्यातदार शेठनेही केला. "माल गोव्याचाच आहे, साहेब. हे बघा बिल, श्रावणात गाळलेला ताजा माल."

बाटल्यांना लेबलं चिकटवणारा कामगार कोपऱ्यात उभा होता. मालवणकडचा, बंद गिरणीतला विणकर. तो फसकन हसला.

"हसतोस काय रे?" मी दरडावलं.

"सायबानू, श्रावणात खय बोंडू पिकतत? पावसाआधीच काजी संपतत. माझ्या गावाक काजी आसत, माका ठावक." मग शेठकडे बघून म्हणाला, "ह्यो पिंपातलो स्पिरिट. मीच ढवळलंय."

हातातली रोजी जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी बोलला. शेठचा चेहरा उतरला, पण तोंडाची मस्ती गेली नाही. "फेणी हे काय कुणाच्या बापाचं नाव आहे का, साहेब?"

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. वाटलं, आता सुटत नाही. कोर्टात त्याच्या वकिलाने आमचाच पंचनामा वाचून दाखवला. म्हाताऱ्याच्या खऱ्या बाटलीपुढे आम्ही लिहिलं होतं, 'देशी दारू, बाटली एक'. ठाण्यात सवयच होती तशी. परदेशी बाटली सापडली की कंपनीच्या नावासकट नोंद, आणि आपली असली की सरसकट देशी दारू!

"पोलिसांना खऱ्या मालाचंही नाव ठाऊक नाही, तर माझ्या अशिलाने चोरलं कोणाचं?" वकिलाने विचारलं. फेणी हे नाव तेव्हा कायद्याने कुणाचंच नव्हतं; विणकराची साक्ष असूनही फसवणुकीचा आरोप कोसळला. बेकायदा साठ्याचा दंड भरून शेठ हसत बाहेर पडला.

कोर्टाबाहेर म्हातारा मला एवढंच म्हणाला, "शेठनं एक लेबल चिकटवलं, सायबा. तुमी दुसरं."

पुढे अशा नावांसाठी कायदा आला, फेणीलाही संरक्षण मिळालं. तोवर म्हाताऱ्याची भट्टी विझली होती. त्यानंतर पंचनाम्यात प्रत्येक वस्तूचं नाव ती बनवणाऱ्याला विचारून लिहायचं, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला बजावत आलो. पण त्या एका कागदावर 'देशी दारू' तशीच आहे, आणि खाली सही माझी आहे.