शेवटची ओळ माही नाही

सरांनी पेनाच्या टोकानं माही हनुवटी वर उचलली.

"डोळ्यात बघून बोल. हा इंटरव्ह्यू आहे, देवदर्शन नाही."

सेमिनार हॉलमध्ये साठ पोट्टेपोट्ट्या होत्या. सारे हसले. माही मैत्रीण बी हसली, मंग तिनं तोंडावर हात ठेवला. पेनाले टोपण होतं ते बरं, नाहीतं हनुवटीवर निळा ठिपका घेऊन घरी गेली असती. मी वर पाह्यलं. सरांचा चष्मा दिसला, आन् लगेच मान खाली गेली. मी घातली नाही. ती आपोआप जाते.

"बघा," सर बाकीच्यांना म्हणाले, "हिला उत्तरं सगळी येतात. पण बॉडी लँग्वेज झिरो."

आन् माह्या नावापुढं त्यांनी पाचापैकी दोन लिहिले. इमोशनल इंटेलिजन्स, दोन. बापा! भावनेले बी मार्क असतात हे मले त्या दिवशी समजलं.

हे लोक पुण्याचे. मोठमोठ्या कंपन्यांतले. महिन्यातून दोन रविवार आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फुकटात शिकवाले येत. शनिवारी शेगावले उतरत, दर्शन घेत, कचोरी खात, लॉजवर झोपत, आन् सकाळी गाडी करून आमच्या उद्धारासाठी हजर. साऱ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. त्यांना मेंटॉर म्हणा लागे. माह्या गटाचे मेंटॉर म्हणजे हे सर.

खोटं काऊन बोलू? त्यांनी शिकवलं बी. ईमेल कशी लिहाची, फोन उचलून "कोन?" न म्हणता आपलं नाव कसं सांगाचं, हे मले कोनं शिकवलं होतं घरी? माहा पहिला बायोडेटा सरांनी माह्या बाजूले बसून तीनदा दुरुस्त केला. कटाळा केला नाही. आन् शेवटी आमच्यातल्या पाच जणांना ते पुण्याच्या कंपनीत सहा महिने कामावर घेणार होते, राहाच्या सोयीसगट. मले ते पाहिजे होतं. लय पाहिजे होतं. माही माय कॉलेजच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटे. बी.एस्सी. झाल्यावर मले तिच्या बाजूले पोळपाट घेऊन बसाचं नव्हतं.

पण मान वर राहत नव्हती त्याचं काय करू? आम्ही मातंग. बाप बँडमध्ये ढोल वाजवे. गावात बापूसाहेब समोरून आले की रस्त्याच्या कडेले उभं राहाचं आन् जमिनीकडं पाहाचं, हे मायनं मले अ आ इ ई च्या आधी शिकवलं. बापूसाहेबांचं सत्तर एकर वावर, आन् आमच्या कॉलेजच्या संस्थेचे उपाध्यक्ष बी तेच. वीस वर्षं जी मान खाली घालाले शिकवली, ती सरांना एका रविवारात वर पाहिजे होती.

पुढच्या खेपेले सरांनी कोरे कागद वाटले.

"आज माफीपत्र लिहायचं. ज्यानं तुम्हाला सगळ्यात जास्त दुखावलं, त्याला. मनातलं सगळं काढा. शेवटची ओळ मात्र सगळ्यांची एकच. मी तुम्हाला मनापासून माफ केलं आहे. राग सोडला की माणूस मोकळा होतो."

एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, हे कोन वाचणार?"

"फक्त मी. तुमच्या-माझ्यात राहील."

मी तीन पानं लिहिली.

मी चौथीत होती. बापूसाहेबांच्या पोरीचं लगन. साऱ्या गावाले आवतन. माह्या वर्गातल्या पोरी पंगतीले बसल्या होत्या. गुरुजीची पोरगी म्हणे, "ये न इकडं, जागा हाय." मी बसली. पत्रावळीवर वरण आलं, वांग्याची भाजी आली, बुंदी पडली. मी बुंदी शेवटी खाऊ म्हणून बाजूले सारून ठेवली. तेवढ्यात बापूसाहेब पंगत पाहत आले. दंडाले धरून मले उभं केलं.

"ऊठ वं. वाजंत्र्याची न तू? तुमची पंगत मागून."

पत्रावळ पालथी झाली. पोरी पाहून राह्यल्या. गुरुजीच्या पोरीनं आपलं पान आपल्याकडं ओढून घेतलं. मी बापाकडं पाह्यलं. दहा पावलांवर तो गळ्यात ढोल अडकवून उभा होता. त्यानं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं, बापूसाहेबांकडं पाह्यलं, मंग मान खाली घातली आन् ढोलावर टिपरू मारलं. बँड सुरू झाला. आमची पंगत बसली तवा बुंदी सरली होती.

बाप दोन वर्षांमागं गेला. त्या दिवसाचं मी त्याले कधी विचारलं नाही. त्यानं कधी काढलं नाही. मले बापूसाहेबांचा राग येते तो वेगळा. बापाचा येते तो जास्त दुखते. हे बी मी त्या कागदावर लिहिलं. जगात कोनाले सांगतलं नव्हतं ते लिहिलं.

शेवटच्या ओळीवर आली आन् पेन पुढं जाईना. मी ती जागा तशीच सोडली आन् कागद देले.

सरांनी वाचले. चष्मा काढून डोळे पुसले. मले बाहेर बोलावलं आन् म्हणाले, "फार हिमतीनं लिहिलंस. शेवटची ओळ राहिली."

"नाही लिहिता आली, सर."

"येईल. वेळ दे स्वतःला."

मले लय बरं वाटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःहून सरांच्या डोळ्यात पाह्यलं. आपलं कोनी ऐकलं असं वाटलं. पाचापैकी पाच देले त्यांनी. मी निरा बह्याड, येडी.

शेवटच्या रविवारी प्रमाणपत्रांचा कार्यक्रम ठेवला. स्टेज, हार, मोठा फलक. माह्या मायले मुद्दाम मेसमधून बोलावून तिसऱ्या रांगेत बसवलं. पाहुणे कोन, तं बापूसाहेब.

स्टेजच्या मागं सरांनी मले प्लास्टिकच्या कव्हरमधला एक कागद देला. टाइप केलेला.

"तुझं पत्र. भाषा थोडी शुद्ध केली आहे. हे तू आज वाचायचंस, त्यांच्यासमोर."

सर मात्र खुशीत होते. पत्रातलं नाव वाचून त्यांनी प्राचार्यांना विचारलं होतं, मंग बापूसाहेबांच्या घरी जाऊन चहा घेतला होता, आन् माहं पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं.

"लगेच तयार झाले ते! मोठ्या मनाचा माणूस."

का नाही तयार होणार? फुकटात माफी भेटून राह्यली, ते बी हारासगट, फोटोसगट.

मी कागद वाचला. एकच पान होतं. बाप कुठंच नव्हता.

"सर, माह्या बापाचं?"

"लांबत होतं गं. फोकस जात होता."

सगळ्यात खाली ठळक अक्षरात ओळ होती. मी तुम्हाला मनापासून माफ केलं आहे. आन् त्याच्या खाली माहं नाव.

"हे तुमच्या-माह्यात राहणार होतं न?"

"अगं, किती मुलांना यातून हिंमत येईल! विचार कर. आणि पुण्याच्या यादीत तुझं नाव पहिलं आहे. तू वाच, मग मी जाहीर करतो."

तवा माय मागं आली. तिले कोनं तरी पाठवलं असणार. मेसचं कंत्राट बापूसाहेबांच्या भाच्याकडं, हे तिले बी माहीत, मले बी. तिच्या नखात पीठ तसंच होतं.

"वाचून टाक वं पोरी," ती हळूच म्हणे. "एक ओळ तं हाय. आपन रोज किती काय गिळतो."

"माय, तू केलं त्याले माफ?"

तिनं माह्याकडं पाह्यलं.

"मले कोनं इचारलं?"

माय परत तिच्या जागेवर गेली, आन् माहं नाव पुकारलं. मी माइकपुढं गेली. सरांनी शिकवलं तसं पाठ सरळ, आवाज मोठा. पंगतीचं वाचलं. दंड धरल्याचं वाचलं. बापूसाहेब मान हलवून राह्यले होते, दुसऱ्याच कोनाची गोष्ट चालू असल्यावानी. मंग कागदात नव्हतं ते मी तोंडानं सांगतलं. माहा बाप तिथं उभा होता, त्यानं पाह्यलं, आन् त्याले ढोल वाजवा लागला. तिसऱ्या रांगेत मायनं पदर तोंडाले लावला.

शेवटच्या ओळीवर मी थांबली. वर पाह्यलं, नीट बापूसाहेबांच्या तोंडाकडं. मान खाली गेली नाही.

"ही ओळ मी लिहिली नाही. माह्या कागदावर ही जागा कोरी होती. बापूसाहेब, तुम्ही माफी मांगतलीच नाही. न मांगता मी काऊन देऊ?"

माइक बंद झाला. कोनं केला ते दिसलं नाही. बापूसाहेबांचं हसू गेलं. ते स्टेजवरूनच मायले म्हणाले, "काऊन वं, घरी काही वळण हाय का नाही पोरीले?"

माय उभी राह्यली. मान तिची खालीच होती, दररोज असते तशी. पिशवी उचलली आन् मले म्हणे, "चाल."

दारापाशी सरांनी गाठलं. लालबुंद झाले होते. "तुझ्यात फार राग आहे. कंपनीत असं चालत नाही. मी तुझ्यासाठी काय केलं नाही?"

मी डोळ्यात पाहून उत्तर देलं. "केलं, सर. पण माहं पत्र माहं होतं."

"हा ॲटिट्यूड आहे," सर म्हणाले.

मान खाली होती तवा आत्मविश्वास नव्हता. वर केली तं ॲटिट्यूड. मी कुठं पाहू मंग?

यादीत माहं नाव आलं नाही. सोमवारी मायले मेसवर येऊ नको म्हणून सांगतलं. आता ती दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाते, कंबर धरून घरी येते. पाचव्या दिवशी जेवण वाढता वाढता मले म्हणे, "बापाचं सांगाचं नव्हतं लोकाइले."

मी सरांना फोन केला. म्हटलं, माहे तीन कागद मले परत द्या. ते म्हणाले, मूळ पत्रं फाइलला गेली, आता मिळणार नाहीत. मंग परवा पहिल्या वर्षाच्या एका पोरीनं सांगतलं, की नव्या बॅचले सरांनी एक पत्र वाचून दाखवलं. मागच्या बॅचच्या एका मुलीचं. पंगतीतून उठवलेल्या. तिनं शेवटी त्या माणसाले मनापासून माफ केलं म्हणे.

मी तिथंच ओट्यावर बसली. स्टेजवर साऱ्यांसमोर नाही म्हटलं, तरी त्यांच्या कागदावर मी अजून माफ करूनच राह्यली. दर खेपेले करणार. पोट्टे टाळ्या वाजवणार. आन् त्यातली एखादी पोरगी, जिची ओळ कोरी राह्यली असंन, ती माह्याकडं पाहून ती ओळ भरणार.

नाही. हे होऊ देणार नाही.

येत्या रविवारी नवी बॅच परत बसणार हाय. मी पहिल्या बाकावर जाऊन बसणार. सर कोरे कागद काढतील तवा उभी राहणार आन् साऱ्यांना सांगणार, ते पत्र माहं हाय, बापासगट तीन पानांचं हाय, आन् शेवटची ओळ माही नाही. माहे कागद मांगणार. बाहेर काढलं तं दाराशी बसणार. नाही देले तं त्यांच्या पुढच्या खेपेले परत येणार. पुण्याहून ते येतात, मले तं गावाहून एसटीनं अर्धाच तास लागते.

ती जागा मी कोरी ठेवली होती. ती कोरीच राहीन.