मानेच्या मॅडम

आई-वडिलांनंतर माझ्या पदवीत कुणाचा वाटा असेल, तर तो मानेच्या मॅडमचा. परभणीत फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवणाऱ्या बाईंना आम्ही पेशंट मंडळी याच नावानं ओळखायचो. आलेल्याला त्या आधी तांब्याभर पाणी देत आणि तो ते कसं पितो हे बघत बसत.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमच्या जीपला मागून ट्रॅक्टरनं धडक दिली. मानेला हिसका बसला, पण खरचटलं कुठंच नाही. महिनाभरात उजव्या डोळ्यामागं अशी कळ येऊ लागली, की दहा मिनिटांवर पुस्तक धरवेना. चष्मा लावला, फरक नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्या पेडगावात लोक म्हणू लागले, पोराला अभ्यासाचा कंटाळा आलाय.

शेवटी मी परभणीला मॅडमकडं गेलो. त्यांनी मला पाणी पिताना बघून एवढंच विचारलं, "तांब्या तोंडाला कवापासून लावायलास?"

मी चपापलो. आमच्याकडं पाणी वरून पितात. भांडं उष्टं करतो म्हणून आई रोज बोलायची. पण मान मागं जाईना म्हणून तसं होतंय, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मॅडमनी कवटीच्या खाली मानेवर अंगठा दाबला, आणि कळ थेट डोळ्यामागं उठली. "दुखतंय तिथं, पण त्याचं घर हितं हाय," त्या म्हणाल्या.

मग त्या हातानं मान हळूहळू मोकळी करायच्या. व्यायाम एकच, उताणं पडून हनुवटी जराशी आत घ्यायची. "मानेनं हो म्हण, पण शेजाऱ्याला कळू नये असं." लवकर बरं व्हावं म्हणून मी दहाचे शंभर केले आणि दोन दिवस आडवा पडलो. त्या रागावल्या नाहीत. "सगळं रान एका दिवसात पेरतोस का रे?" म्हणाल्या, आणि कितव्या वेळेला कळ सुरू झाली ते खोदून खोदून विचारत राहिल्या.

मी पाऊण तास वाचू लागलो आणि नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या दवाखाना बंद करून गेल्या. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. तीन तास मान टिकेल का, हे विचारायलाही कुणी उरलं नाही. त्यांचा नवा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून निकालानंतर त्यांच्या पूर्णेच्या माहेरी मी पत्र टाकलं:

"मॅडम, पास झालो. तिसऱ्या पेपरला दीड तासानं कळ आली. पेन ठेवून हनुवटी आत घेऊ लागलो. वर्गावर पहारा करणाऱ्या सरांना वाटलं, पुढच्या पोराला खुणावतोय. ते येऊन उभे राहिले. मी खरं ते सांगितलं. जरा वेळ बघून ते म्हणाले, 'लिही.' पेपर पुरा झाला. बाहेर त्यांनी मला गाठलं. त्यांचंही डोकं कैक वर्षं असंच दुखतंय, तुमचा पत्ता मागत होते. मला देता आला नाही. कळवाल का?"