ओलीची रेघ

बुलढाण्यातल्या आमच्या धाडपासून समुद्र इतका लांब, की बाबांनी तो अजून पाहिलेला नाही. मी मात्र घरच्या ओसरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन, वादळाचे इशारे देणाऱ्या एका कार्यालयासाठी, वादळात समुद्र किती चढेल याचं गणित करते. गावातले हसतात. हसू देत.

मी कॉलेजात असताना बाबा एकदा बाहेरगावी गेले होते. पाझर तलावाचं पाणी वाढलं म्हणून आईने आणि मी काठावरची मोटर उचलून पाण्याच्या चांगली हातभर वर ठेवली. दुपारी वारा सुटला. तलाव इंचभरही वाढला नाही, पण लाटा बांधावर चढल्या. भिजलेली मोटर मी तशीच चालू केली आणि ती जळली.

बाबा आले, बांधावर बसले. "काऊन वं, पानी पायलं, अन् ओल नाई पायली?" पाण्याच्या बऱ्याच वर, लाटा पोचतात तिथवर, मातीवर ओलीची रेघ होती. आमच्याकडे सामान त्या रेघेच्या वर ठेवतात. हे मला ठाऊक होतं, म्हणून स्वतःचाच जास्त राग आला.

गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका गावाकडे चक्रीवादळ निघालं. लोकांना तिथल्या शाळेत हलवायचं ठरत होतं. आमच्या हिशेबाने पाणी शाळेच्या जोत्याच्या हातभर खाली थांबत होतं. तो हातभर शब्द ऐकला आणि मला ती जळलेली मोटर आठवली. त्या हिशेबात वाऱ्याने रेटलेलं पाणी होतं, भरती होती, लाटा नव्हत्या.

"साहेब, लाटाही धरू या," मी कार्यालयातल्या साहेबांना फोनवर म्हटलं.

"तुमच्या बुलढाण्यात लाटा कुठून आल्या हो?" साहेब हसले.

माझं डोकं फिरलं. मी त्या गावच्या सरपंचबाईंना फोन लावला. मागच्या वादळात भिंती कुठवर भिजल्या होत्या, ते त्यांनी दारोदार मोजून कळवलं. तेच जुनं वादळ मी लॅपटॉपवर दोनदा चालवून पाहिलं. लाटांशिवाय गणित त्या खुणांच्या खालीच राहिलं. लाटा धरल्यावर बरोब्बर खुणांवर टेकलं. मग येणारं वादळ चालवलं, तर पाणी शाळेत शिरत होतं.

साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले. मग म्हणाले, "शाळा नको. टेकडीवरच्या मंगल कार्यालयात हलवायला कळवतो." माणूस टोमणे मारणारा, पण खरा.

वादळ येऊन गेलं. सकाळी सरपंचबाईंचा फोटो आला. शाळेचा वर्ग, बाकं उलटीपालटी, आणि फळ्याच्या खालच्या कडेला चिखलाची ओली रेघ. मी ओसरीतच ओरडले, नाचले. आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि काही न कळताच माझ्याबरोबर हसू लागली.

बाबांनी फोटो लांब धरून पाहिला. "अन् लोकं?"

"टेकडीवर. सगळेच्या सगळे."

बाबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "मंग थे मोटर वाया नाई गेली," ते म्हणाले.