कपाटातली पाकिटं

मुलाखतीला जाण्याआधी ओळखीच्या मुली हल्ली मला विचारायला येतात. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीतल्या, पुढच्या गल्लीतल्या, कुणाची पुतणी, कुणाची मैत्रीण. मी त्यांना तोंडपाठ सांगते. अकराला बोलावून दोनपर्यंत बसवून ठेवलं तर समजून जा. बाहेर बसलेल्यांपैकी एकही माणूस हसत नसेल तर समजून जा. आधीची मुलगी का सोडून गेली असं विचारल्यावर आतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तर चप्पल घाल आणि सरळ बाहेर पड. मुली माना डोलवतात. "ताई, तुम्हाला भारी कळतंय हो," म्हणतात. कळतंय खरं. पण त्या दिवशीही मला सगळं कळलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

मी डिप्लोमा केलेली बाई. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचे, चीर सापडली की लाल खूण करून बाजूला काढायचे, हे माझं काम. माझा पहिला कारखाना बंद पडला आणि मी आठ महिने घरी बसले. घरात आई आणि मी. आई एका मेसमध्ये चपात्या लाटायला जायची आणि संध्याकाळी मनगटाला तेल चोळत बसायची. मला काही बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मला निदान भांडता तरी आलं असतं. शेवटी शेवटी तर मी भाजी आणायला जायचंही टाळायला लागले, कारण वाटेत कुणीतरी "लागलं का काम?" विचारायचंच.

अशात एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. सोमवारी अकराला या.

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी सोमवारची. मला वाटलं, सुट्टीच्या दिवशी निवांत बोलायचं असेल. गेले तर आवारात गाड्यांची रांग लागलेली आणि आत मशीन चालू. समोरच्या टेबलावरच्या बाईंना मी विचारलं, "आज सुट्टी नाही का?" बाईंनी आधी साहेबांच्या केबिनच्या काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असते की," एवढंच म्हणाल्या आणि खाली मान घालून लिहायला लागल्या. आत काय चाललंय ते मला तिथंच समजायला हवं होतं. समजलंही. मी पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि पाण्याबरोबर ते गिळून टाकलं.

अडीच वाजता आत बोलावलं. साहेब गोड बोलणारे. पहिल्या वाक्यापासून मला बाळ म्हणायला लागले.

"बाळ, घरात कमावतं कोण?"

"मीच. आठ महिने आईच्या चपात्यांवर चाललंय."

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत मागे रेलून बसले. त्यानंतर कामाचा एकही प्रश्न आला नाही. लग्न कधी करणार, आईची तब्येत कशी असते, गावाकडं जमीन आहे का, भाऊ आहे का. मी कसलं माप कसं घेते, कोणत्या मालावर काम केलंय, याची त्यांना काही पडलेली नव्हती. त्यांना फक्त मी किती अडलेय ते बघायचं होतं.

"हितं कसं हाय, सगळी घरच्यासारखी राहत्यात," ते म्हणाले. "फक्त ओरिजिनल कागद आमच्याकडं ठेवायचे. सेफ राहत्यात."

मागचं लोखंडी कपाट त्यांनी उघडलं. आत खाकी पाकिटं एकावर एक रचलेली. बाहेर टेबलांवर आणि मशीनवर मिळून मी दहा-बारा माणसं पाहिली होती. कपाटात पाकिटं तीसेक तरी होती. म्हणजे माणसं गेली होती आणि कागद इथंच राहिले होते. कागदांवर पाणी सोडून पळून जावं असं इथं काय होतं, हे अगदी माझ्या ओठांवर आलं. पण डोळ्यांसमोर आईचं मनगट आलं, आणि मी दहावीचं मार्कलिस्ट, शाळेचा दाखला आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट असं सगळं काढून टेबलावर ठेवलं. कागद राजीखुशीनं ठेवायला देत आहे, अशा एका ओळीवर सहीही केली. आयुष्यभर लोखंडातली चीर शोधली आणि ही हातभर भेग दिसत असताना वरून पास केली.

घरी आल्यावर आईनं आधी देवापुढं साखर ठेवली. मग विचारलं, "आगं, पन खरी कागदं कशाला दिलीस?"

"झेरॉक्स आहे ना माझ्याकडं."

"मग झेरॉक्सच द्यायची की त्यास्नी."

मी चिडून ताटावरून उठले.

अडीच वर्षं काढली तिथं. सोमवार कधी मिळाला नाही. चीर असलेला माल "जाऊ दे की बाळ" म्हणून माझ्याच सहीनं गेला, आणि तो परत आला की त्याच सहीवर बोट ठेवून सगळ्यांसमोर मला झापलं गेलं. मी, जी लहानपणी तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांशी हाणामारी करायची, ती मान खाली घालून उभी राहायला शिकले. संडासात जाऊन रडायचं, तोंड धुवायचं, परत यायचं. समोरच्या टेबलावरच्या त्या बाई माझं ओलं तोंड बघायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. त्यांचंही पाकीट आतच होतं.

मग दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. तिथल्या मुलाखतीत मला माझ्या कामाबद्दल विचारलं, आणि मी अर्धा तास सांगतच सुटले. फक्त रुजू व्हायच्या दिवशी मूळ कागद दाखवायचे होते. हातात पंधरा दिवस होते. बोर्डाकडून नवीन प्रत काढायची तर कागद हरवल्याची तक्रार करा, चकरा मारा, पंधरा दिवसांत ते होणारं नव्हतं.

कागद मागितल्यावर साहेब ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला. "जा की बाळ. आम्ही कुनाला आडवत न्हाय. तुझ्या जागेवर मानूस आन आनि कागद ने."

मी जाहिरात दिली. पहिला आलेला माणूस मूळ कागदांचं नाव काढताच मोठ्यानं हसला. "व्हय साहेब, घराची चावी पन देऊ का?" म्हणाला आणि चालता झाला. शहाणा माणूस. मला मात्र त्याचा इतका राग आला, की मागं धावून त्याची कॉलर धरावी. दुसरी एक मुलगी बसून बसून एक वाजता निघून गेली. तिला मी फाटकापर्यंत जाऊन "थांबा हो थोडं" म्हणाले, हात धरून म्हणाले. तिनं हात सोडवून घेतला. रुजू व्हायला दोन दिवस उरले तेव्हा मला झोप येईनाशी झाली होती.

सोमवारी ती आली. पन्हाळ्याच्या बाजूची, पहाटेच्या एसटीनं निघालेली. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. समोरच्या टेबलावरच्या बाई रजेवर होत्या, म्हणून तिथं मी बसले होते. तासभर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, आज सोमवार न्हवं? सुट्टी न्हाय व्हय?"

मी केबिनच्या काचेकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"असते की," मी म्हणाले.

आत मलाही बसवलं होतं. साहेबांनी विचारलं, घरात कमावतं कोण. ती म्हणाली, "मीच हाय." साहेब मागे रेलले. मी माझ्या नखांकडे बघत बसले. मग ती एकदम माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही का सोडताय?"

हाच तो प्रश्न. मला नुसतं गप्प राहता आलं असतं. नुसती मान खाली घातली असती तरी तिला कळलं असतं, ती हुशार होती.

"लग्न ठरलंय माझं," मी म्हणाले. आणि वर हसले.

साहेबांनी कपाट उघडलं. माझं पाकीट काढलं आणि तिचं त्याच जागी ठेवलं. बाहेर आल्यावर तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, कागद परत मिळत्यात न्हवं?" मी माझं पाकीट वर धरलं. "हे बघा. मिळाले की." तिचा चेहरा फुलला. तिनं माझा नंबर मागून घेतला, काही अडलं तर विचारता येईल म्हणून.

आईनं पाकीट उघडून प्रत्येक कागद पुसला. "तुज्या जागेवर कोन आलं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, एक मुलगी आली. आई म्हणाली, "बरं झालं बाई, तिचीबी सोय झाली."

नवीन कंपनी चांगली आहे. सोमवारी सुट्टी असते, कुणी बाळ म्हणत नाही, चीर दाखवली की माल खरंच बाजूला निघतो. गल्लीतल्या मुलींना सल्ले द्यायला मी तिथं रुजू झाल्यावरच सुरुवात केली. पापाची फेड म्हणा हवं तर.

गेल्या आठवड्यात पन्हाळ्याकडच्या त्या मुलीचा फोन आला. आवाज ओळखू आला नाही, इतका तो बसला होता. मी शिव्या खायला तयार होते. खरं तर मला त्या हव्या होत्या.

"मॅडम, त्या दिवशी तुमाला बोलता येत न्हवतं, ते मला आता कळालं," ती म्हणाली. "मला दुसरीकडं काम लागलंय. म्हैन्याची मुदत हाय. साहेब म्हनत्यात, मानूस आन नि कागद ने. तुमच्या बघन्यात कोन हाय का, मॅडम? गरजू असली तर बरं."

नाही म्हणायचं होतं. पोलिसात जा म्हणायचं होतं, मी येते तुझ्याबरोबर म्हणायचं होतं. माझ्या तोंडून शब्द आला तो "बघते."

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्याकडे विचारायला आलेल्या मुली एकेक करून आठवायला लागल्या. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेत, कुणाच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. तिघींची नावं लगेच आठवली.

तिघींचे नंबर माझ्याकडे आहेत.